लालासाहेबांच्या तस्ताचा पत्रा

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. पैज लावतो. पण हे घडलंय इस्लामपुरात, गेल्या वैशाखात, भर दुपारी, आणि यातला शब्दन् शब्द खरा आहे.

थांबा, तोंडात पान आहे. पिंक टाकतो…

हां.

तर बाळगोंडा काकांचं भांड्यांचं दुकान. लोकांची जुनी मोड घ्यायची, नवी भांडी द्यायची. त्यांचा एक पुतण्या, नाव अतिशय. पोरगं गुणी, संयोगिताताईंच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचं. पण त्या गिटारीला एक खोड होती. तारांखाली आवाज पकडणारे पिकअप असतात, ते एकेरी गुंडाळीचे. ट्यूबलाइट लागली, शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली, की स्पीकरमधून घूंऽऽ. तारांवर हात ठेवला की कमी. हात उचलला की पुन्हा घूंऽऽ.

एकदा ताई माइकवरच म्हणाल्या, "अतिशय, तुझ्या माशा हाकल आधी, मग गाते."

सगळा मांडव हसला.

खाली उतरल्यावर मात्र ताई हसत नव्हत्या. "शनिवारी साताऱ्याला कार्यक्रम हाय. पुन्हा घूं आली, तर तुझ्या जागी दुसरा."

उपाय त्याला ठाऊक होता. गिटारीच्या पोटात, पिकअपभोवती, तांब्याचा पातळ पत्रा मढवायचा आणि तो अर्थिंगच्या तारेला जोडायचा. घूं दबते. पण सांगलीहून मागवलेला पत्रा येता येईना.

शुक्रवारी दुपारी मोडीच्या ढिगात त्याला एक तस्त दिसलं. थुंकायचं भांडं. तांब्याचं, पातळ, काठावर पाच मोर. एका मोराला चोच नाही.

आख्ख्या वाळवा तालुक्यात तसं दुसरं नाही. कारण ते आमच्या घरचं! माझा थोरला भाऊ लालासाहेब चाळीस वर्षं त्यात थुंकला. शेवटचा श्वाससुद्धा त्यातच खाकरून सोडला. तेरावं झालं आणि लीलाबाई वहिनींनी ते मोडीत घातलं.

"काका, ह्ये कापू का?"

"आधी भट्टीला जाऊ दे रं. मेलेल्याच्या तोंडचं भांडं हाय. आगीतनं निघाल्याबिगर त्याला आपण हात लावत न्हाई."

"व्हय काका," म्हणाला. आणि काका जेवायला गेल्याबरोबर कात्री घेऊन बसला.

तस्ताच्या तळाशी काळा थर होता. खरवडला, तर आतून ओला निघाला. कात, चुना, तंबाखू… आणि त्याखाली काहीतरी पिवळट, ओढावं तसं लांबत जाणारं. नाक दाबून त्यानं पत्रा पुसला, कापला, सोल्डर मारून गिटारीत बसवला.

अ‍ॅम्प्लिफायर लावला. तारांवर हात ठेवला. शांत.

हात उचलला…

शांत.

जमलं! अतिशय एकटाच हसला.

मग त्याची नजर टेबलावर गेली. अर्थिंगची तार तिथेच पडली होती. जोडायचीच राहिली होती.

मग तारांवर हात होता तरी कुणाचा?

घूंऽऽ…

बंद.

घूंऽऽ…

बंद.

कुणीतरी हात उचलत होतं. ठेवत होतं.

त्यानं भीत भीत एका तारेला बोट लावलं. तार कोमट होती. ओली. बोट मागं घेतलं, तर लाळेचा लांब धागा सोबत आला… लाल.

आणि स्पीकर खाकरला.

पत्रा उपटायला त्यानं स्क्रूड्रायव्हर उचलला होता. पण पत्रा काढला की घूं येणार, आणि घूं आली की जागा जाणार. त्यानं तारा फडक्यानं पुसल्या, फडकं दूर भिरकावलं, आणि दुसऱ्या दिवशी तीच गिटार घेऊन सातारा गाठलं.

संध्याकाळी मांडव भरला. घूं नाही. ताईंनी त्याच्याकडे बघून खुशीत मान डोलावली. पहिलं गाणं हळू सुरू व्हायचं. माणसं चिडीचूप…

खाऽऽऽक…

थू!

स्पीकरच्या जाळीतून पिंक उडाली. ताईंच्या पांढऱ्या साडीवर, गळ्यापासून निऱ्यांपर्यंत. आणि वास असा, की महिनाभर न धुतलेलं तोंड कुणी नाकाशी आणून उघडावं. ताई माइकसमोरच ओकल्या.

अतिशयची जागा तिथल्या तिथं गेली. पत्रा उपटून त्यानं कृष्णेत फेकला. पण आजही जेवता जेवता तो मध्येच थांबतो. तोंडात थुंकी साठते… आणि ती त्याला स्वतःची वाटत नाही.

असं ते तस्त. कापलं, बुडालं, पुन्हा त्याचा एकही मोर कुणाच्या नजरेला पडला नाही. थांबा, परत तोंड भरलं…

"आवं आजोबा," नात क्रांती म्हणाली, "आत्ता तुमी ज्यात थुंकलात, त्या तस्ताला पाच मोर हायत. आन् एकाला चोच न्हाई."