बॅटऱ्या कुणी मारल्या?

प्रिन्सीने बटण दाबलं आणि बॅटरी डोळे दिपतील अशी पांढरीफट्ट पेटली. बघता बघता हाताला चटका बसेल इतकी तापली आणि विझली ती विझलीच. दिवाळीच्या सुट्टीतली ही तिसरी!

तिचे पप्पा, मार्सेल, पाचूबंदरच्या वाळूत जाळं सांधत बसले होते. बोटीवरच्या बॅटऱ्या सांभाळायचं काम त्यांनीच हौसेने लेकीवर सोपवलं होतं. नीट केलंस तर शनिवारी बोटीवर नेईन, असा शब्दही दिला होता. त्या शनिवारसाठी प्रिन्सी कधीची आसुसली होती आणि शनिवार उद्यावर आला होता.

"जिला बॅटरी सांभाळता येत नाय, तिला दर्यात कशी नेऊ?" पप्पा मान वर न करता म्हणाले. "उद्या घरीच रहा."

प्रिन्सीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने बॅटरी ना पाडली होती ना पाण्यात बुडवली होती. रडू गिळून ती घरामागे गेली. तिथे चुलतभाऊ केनी आणि तुळिंजहून राहायला आलेली मैत्रीण मनाली बसली होती.

केनीला काय, कुठेही चोरच दिसतात! कुणीतरी मुद्दाम बॅटऱ्या मारतंय, आपण बोटीआड लपून पाळत ठेवू, असा बेत त्याने लगेच ठोकून दिला. मनालीने मात्र एकच प्रश्न विचारला.

"बॅटरी मेली म्हणजे नक्की काय मेलं? टॉर्च की आतले सेल?"

इथे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. बॅटरी गेली की सगळे टॉर्चच्या नावाने खडे फोडतात, आतल्या सेलकडे बघतो कोण?

तिघांनी टॉर्च उघडला. आतले दोन्ही सेल पेन्सिल सेलएवढेच होते, पण त्यांच्यावर बारीक अक्षरांत ३.७ व्होल्ट लिहिलं होतं. टॉर्चच्या झाकणात लिहिलं होतं, दीड व्होल्टचे दोन सेल. म्हणजे टॉर्चला हवे होते तीन व्होल्ट, आणि पोटात कोंबले होते सातच्याही वर.

"जास्त व्होल्ट म्हणजे जास्त उजेड. चांगलंच की," केनी म्हणाला.

"हो, आधी जास्त उजेड आणि मग कायमचा काळोख," प्रिन्सी म्हणाली. तिने ते तीनदा डोळ्यांनी पाहिलं होतं.

हे सेल आणले होते आग्नेलकाकांनी, पप्पांच्या धाकट्या भावाने. तिघं पळतच त्यांच्या ओट्यावर गेले, तर काका बोटीवरचा मोठा टॉर्च तयार करून, लावून बसलेले! आत तसाच एक नवा ३.७ व्होल्टचा, चार्जिंगचा लिथियम सेल आणि एक जुना साधा. जुना वाया कशाला घालवायचा, हा त्यांचा हिशेब. प्रिन्सीने टॉर्चला हात लावला. तो कोमट झाला होता. तिने तो बंद केला, पप्पांच्या पलीकडे उघड्या वाळूत नेऊन ठेवला आणि गार झाल्यावरच सेल काढले.

"काका, वेगळ्या जातीचे सेल एकत्र घालायचे नसतात. लिथियमचा सेल तापून पेटतो. बोटीत डिझेल आहे, नायलॉनची जाळी आहेत."

मागोमाग आलेले काका पोट धरून हसले. "आत बसतंय ना? मग झालं."

त्यावर त्यांनी आपल्या दर्यातल्या पावसाळ्यांची उजळणी सुरू केली. आता वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे प्रिन्सीने ओळखलं. तिने आवाजात मध ओतला.

"बरं काका, मग हे सेल आधी तुमच्या दुबईच्या बॅटरीत घालून बघू. तिलाही दोन पेन्सिल सेलच लागतात ना?"

त्या बॅटरीला काका कुणाला बोट लावू देत नसत. त्यांचा हात झटकन खिशावर गेला.

"ती कशाला? ती म्हागाची हाय."

"म्हणजे बिघडेल अशी भीती तुम्हालाही वाटते."

पप्पा जाळं खाली ठेवून उठून आले. त्यांनी सेलवरची अक्षरं वाचली, झाकणातली वाचली. मग मोठ्या टॉर्चमध्ये त्यांनी दीड व्होल्टचे दोन नवे, एकाच जातीचे सेल घातले. टॉर्च शहाण्यासारखा पेटला आणि तापला नाही.

"चुकलो मी, पोरी," पप्पा सगळ्यांदेखत म्हणाले. "न बघता तुला बोललो."

आतापर्यंत अडवलेलं प्रिन्सीचं रडू तेव्हा कुठे फुटलं. काका मात्र खाली मान घालून निघाले. असेच सेल त्यांनी आणखी बोटींवर वाटले होते, ते आता दारोदार जाऊन परत गोळा करायचे होते. मनालीने त्यांना बजावलं, की हे कचऱ्यात टाकायचे नाहीत, ई-कचऱ्याच्या पेटीत द्यायचे.

शनिवारी भरतीला बोट पाण्यात शिरली. शेजारच्या बोटीवरून बळीरामकाकांनी पप्पांना हाक मारली, "मार्सेल, आमच्या बॅटरीत सेल कंचे घालू रे?"

"मला काय विचारतोस?" पप्पा ओरडले. "आमच्या बोटीवर त्यातलं प्रिन्सीला कळतं. ती बघ पुढे बसली हाय, तिला विचार."