चिंचेने उजळलेली पावलं

सकाळी माझी लेक ओजस्वी आणि जावई रेन स्टेशनकडे गेले की जपानमधल्या ग्योतोकूच्या या घरात मी एकटी असते. त्या दिवशी मी साफसफाई काढली होती. दिवाळीला कराडला परत जायचं होतं. तिकीटही काढून झालं होतं. त्याआधी लेकीचं घर लख्ख करून द्यावं, एवढंच मनात होतं.

दिवाणखान्यात रेनने लिलावातून आणलेली काशाची म्हातारी होती. पाठीवर गाठोडं, मान वळवून मागे बघणारी. फार पूर्वी परदेशी लोकांच्या घरात शोभेला ठेवायला अशा मूर्ती इथून बोटीने जात. ही इतक्या वर्षांनी मायदेशी आली होती. दिवसभर मी तिच्याशीच बोलायची. दुसरं होतं कोण?

तिची पावलं मला फार काळी वाटली. देवाची भांडी घासतो तशी चिंच-मीठ लावून घासली. लखलखली.

संध्याकाळी रेनने तिच्यापुढे बसून पावलांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, दाइजोबु. काही नाही झालं."

"कसलं दाइजोबु," ओजस्वी हळूच म्हणाली. "अगं, तो मळ नव्हता. कारागिराने मुद्दाम चढवलेला रंग होता. उद्या काळं मांजर दिलं तर तेही चिंच लावून घासशील तू."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कणीक मळत होते. बाहेर दिवाणखान्यात पाऊल टाकल्याचा आवाज आला. जड... मग दुसरं. पाठोपाठ चिंचेचा आंबूस वास.

"ओजस्वी... लवकर आलीस?"

जाऊन पाहिलं. म्हातारी जागेवरच होती, पण मागे बघत नव्हती. तिचं तोंड दाराकडे होतं.

"आत्ताच तर आलीस गं..." मी पुटपुटले. "आता कुठे निघालीस?"

रविवारी रेनने तिला पुसायला उचललं आणि जपानीत काहीतरी म्हणाला.

"हलकी झालीय म्हणतो," ओजस्वी हसली.

मी हसले नाही. बॅग भरायला उठले तेव्हा माझी पावलं उचलत नव्हती. तळपाय काळे झाले होते, काशाच्या वाटीने तूप चोळल्यावर होतात तसे. पण माझी वाटी तर कराडला राहिली आहे. साबणाने धुतलं, जाईना. आता ते काळं घोट्यावर चढलं आहे. घरात मी मोजे काढत नाही.

आज दोघं गेल्यावर घोट्यावर नखाने हलकेच टिचकी मारली.

नाद उठला... तो थांबायची वाट बघत बसले आहे.