शाळेपाशी हळू

दार मीच उघडलं. समोर तो उभा होता... लाल फटफटीवाला. हातात पोलिसांनी दिलेला कागद, कपाळावर घाम, आणि मला पाहताच अशी धांदल, जणू चुकून भलत्याच घरात शिरला होता.

“वकीलसाहेब... इथंच रायतात न?”

“इथंच. मी त्यांची मुलगी.”

“बापरे,” तो पुटपुटला.

बापरे म्हणण्यासारखंच होतं. बडनेरा रस्त्यावरच्या मुलींच्या शाळेत मी शिकवत होते. गेले चार महिने रोज पावणेअकराला हा फटफटीवरून शाळेसमोरून जायचा, आणि फाटकापाशी आला की अगदी बैलगाडीच्या चालीनं. मी फाटकात उभी असायचे. तो बघायचा, मी बघत नसे... म्हणजे तसं दाखवायचे. गेल्या गुरुवारी मात्र काय झालं कोण जाणे, मी सरळ त्याच्याकडे बघून हसले. त्याच्या हातून वेगाची मूठ पिळली गेली, फटफटी उधळली, आणि पुढच्या पुलाशी दोन शिपाई वेग मोजायचं घड्याळ घेऊन उभेच होते.

आमचे आबा, देवराव वकील, भातकुलीची शेती भावावर सोपवून कोर्टात रमलेले. कागद पाहून त्यांची कळी खुलली. चहा देण्याच्या निमित्तानं मीही तिथंच रेंगाळले.

“सूर्यभान नाव माझं. शेती खात्यात आहे,” तो सांगू लागला. “कपाशीच्या बियाण्यासाठी खेड्यानं फिरतो. हे दुसरं चालान हाये साहेब. कबूल केलं तर लायसन तीन महिने जाते. मंग मले अकोल्याच्या हापिसात नेऊन बसवतात.”

अकोला! पावणेअकरा वाजतील आणि रस्ता नुसताच रस्ता असेल.

“कायले कबूल करतं?” आबा म्हणाले. “लढू आपण. शिपायाच्या घड्याळाची तपासणीच नाई झाली वर्षभर. तू फक्त शपथेवर सांग, का मी हळू जाऊन राहिलो होतो. एक साक्षीदार पायजे. शाळेपाशी तुले रोज हळू जाताना कोणी पायलं?”

तो बशीतल्या चहाकडे बघत राहिला.

“मी,” मी म्हणाले.

आबांनी मान वळवली. “वच्छला, तू?”

“रोज हळू जातात हे. चार महिने झाले. मी सांगीन कोर्टात.”

बोलून गेले आणि कान तापले. सूर्यभान तर चहा विसरूनच गेला.

“चार महिने? मले वाटे, तुमाले मी दिसतच नाई.”

“इकडं पाय बावा,” आबा खाकरले. “साक्षीदार भेटला. जिंकलो आपण.”

“नाई, वकीलसाहेब.” तो उभा राहिला. “गुरुवारी मी जोरातच होतो. शपथेवर खोटं नाई सांगत मी. या बाईंसमोर तर नाईच नाई.”

“रोज हळू, आन् गुरुवारीच जोरात? कावून?”

“ते... एक जण हसलं.”

आबांनी चष्मा काढला. त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चष्मा पुसतच राहिले.

“मंग कबूलच करून टाक,” शेवटी ते म्हणाले. “मॅजिस्ट्रेटनं कारण विचारलं तर म्हण, लक्ष नोतं. बाकीचं तुया बापानं येऊन मले सांगावं.”

मला राग आला होता, खरंच. व्हरांड्यात मी त्याला गाठलं.

“तुमी एक शब्द खोटा बोलले असते तर काय बिघडलं असतं?”

“कोर्टात खोटं बोललो असतो,” तो हळूच म्हणाला, “तर आता जे सांगून राहिलो, ते तुमाले खरं वाटलं असतं काय?”

“काय सांगून राहिले?”

“हेच... का मले तुमी लय आवडता.”

राग कुठल्या कुठे पळाला.

“अकोल्याहून येणारी एस.टी.,” मी कशीबशी म्हणाले, “शाळेपाशी थांबते.”

“मले तर रविवारीच येता येईन. रविवारी शाळा बंद रायते न?”

“शाळा बंद रायते. मी थोडीच?”

त्यानं गुन्हा कबूल केला, लायसन गेलं, तो अकोल्याला गेला. पहिल्याच रविवारी मी बंद फाटकापाशी जाऊन उभी राहिले. एस.टी. थांबली. हातात पिशवी घेऊन सूर्यभान उतरला, आणि त्याच्यामागून फेटा सावरत त्याचे वडील, खुशालराव. त्यांनी मला नीट निरखून पाहिलं.

“हीच काय रे, फटफटी उधळवणारी?”

मी मान खाली घालायला हवी होती. मी सरळ सूर्यभानकडे बघून हसले. पिशवी त्याच्या हातून सुटली आणि पेरू रस्ताभर झाले.