घट्ट पिळलेलं फडकं

सयाजीची आणि माझी ओळख त्याच्या कपाळामुळं झाली. कपाळ त्याचं आणि पट्टी माझी.

अठ्ठ्याण्णव सालचा ऑक्टोबर. सांगली-सातारा एसटी कराडच्या स्टँडात शिरली, दारातून माणसं आत घुसली, आणि कुणाला तरी वाट द्यायला मी उभी राहून वळले. माझ्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली नमुन्याची पट्टी होती, चांगली चार फुटी. मागं टक्क असा आवाज आला.

"आई गं!" एक उंच, सावळा माणूस कपाळ धरून उभा होता.

"लागलं का हो?"

"न्हाई, न्हाई... बरं वाटलं." त्यानं कपाळ चोळलं. "काय हाय हे? लाकूड?"

"लॅमिनेट. वरून लाकूड दिसतं, आत दाबलेला भुसा असतो."

"कपाळाला तर अस्सल वाटलं."

मला हसू आलं. पण चूक आपली असताना हसायचं कसं... म्हणून मी उंब्रज येईपर्यंत खिडकीबाहेर ऊस बघत बसले. उंब्रजला उतरले, तर तोही उतरला. पत्ता विचारायला चिठ्ठी काढून वळले, तर समोर पुन्हा तेच टेंगूळ.

"चंद्राबाईंचं घर कुठं आलं?"

चिठ्ठी वाचताना त्याचे डोळे चमकले. "दावतो की. पण सांभाळून बोला हां, लय कडक बाई हाय."

उसाच्या दोन पट्ट्यांमधल्या वाटेनं तो पुढं चालला, मी मागं. एका मोठ्या, नव्या स्लॅबच्या घराच्या दारात चप्पल काढून त्यानं हाक मारली, "आई, फरशीवाल्या आल्या गं!"

मी त्याच्याकडं असं बघितलं की त्याला दुसरंही टेंगूळ आलं असतं.

माझं नाव क्रांती. आबांनी ठेवलेलं. आबा म्हणजे माझे वडील नाथाजी, फौजेत सुतारकाम शिकले आणि हवालदार होऊन रिटायर झाल्यावर सांगलीत फर्निचर करू लागले. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा अंगठा कटरखाली गेला, हातातली पकड गेली. तेव्हापासून मापं त्यांची आणि करवत माझी. मी काउंटर सांभाळायचे त्या नानासोंच्या दुकानात ही नवी लाकडी फरशी आली, तेव्हा तिच्याबरोबरचं पुस्तक इंग्रजीत होतं. ते वाचणारी मी एकटीच, म्हणून पुण्याला तीन दिवस शिकायलाही मीच गेले. नानासो म्हणाले होते, "क्रांती, उंब्रजचं हे पहिलं काम नीट झालं तर इथून पुढं फरशीची सगळी कामं तुझी. बिघडलं तर मात्र परत काउंटरवर."

काउंटर मला आवडत नव्हता. भुशाचा वास आवडायचा.

चंद्राबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांचा थोरला मुलगा बोटीवर नोकरीला. कुठल्याशा थंड मुलखात त्यानं अशी फरशी बघितली, आणि आईच्या गुडघ्यांना थंडीत शहाबादी सोसत नाही म्हणून बैठकीच्या खोलीत बसवायची ऑर्डर दिली. त्यांना स्वतःला ती नकोच होती.

"ही पोरगी फरशी बसवणार?"

"मागनं टेंपोत वडील येतायत," मी म्हणाले. "पण बसवणार मीच."

टेंपो आला. आबांनी खोकी खोलीच्या मधोमध आडवी रचून घेतली आणि हात झटकले. "आता दोन दिवसांनी येतो, वहिनी."

"म्हंजी? काम कवा?"

"पट्ट्या दोन दिवस खोलीत नुसत्या ठेवायच्या असतात, मावशी," मी सांगितलं. "घराच्या हवेची सवय व्हायला लागते. नाहीतर बसवल्यावर कुरकुरतात."

चंद्राबाईंनी कमरेवर हात ठेवले. "या बया! नव्या सुनेलाबी कुणी दोन दिस दिलं न्हाईत या घरात. दुसऱ्या दिशी पहाटं चुलीम्होरं."

सयाजी भिंतीला टेकून उभा होता. "म्हणूनच तू अजून कुरकुरतीस व्हय, आई?"

त्या उलथनं शोधायला आत गेल्या, आणि मी या वेळी मनसोक्त हसून घेतलं. तो माझ्याकडंच बघत होता.

तिसऱ्या दिवशी काम सुरू झालं. आधी प्लॅस्टिक, त्यावर फोमचा पातळ थर, मग एकेक पट्टी. खाचेत गोंद, वरून लाकडाचा ठोकळा ठेवून हलकी हातोडी. सयाजीला शेतात काम नव्हतं असं नाही, पण दर अर्ध्या तासानं त्याला खोलीत काहीतरी विसरल्याचं आठवायचं. शेवटी मी त्याच्या हातात पाचरी दिल्या.

"भिंतीच्या कडेनं लावा."

"पण हे चुकलंय," तो वाकून म्हणाला. "भिंतीपाशी फट राह्यलीय. करंगळी जातीय बघा."

"मुद्दाम ठेवलीय. पावसाळ्यात ही फुगते, उन्हाळ्यात आकसते. अंग पसरायला जागा नसली तर मधेच उचलते."

"मग फट दिसायची की."

"कडेची पट्टी बसली की झाकते."

त्यानं करंगळी काढली नाही. माझाही हात तिथंच होता, पाचर धरलेला. आबा दारात पाठ करून माप घेत होते, खोलीत गोंदाचा वास होता, आणि मला एकदम... हातोडी कुठल्या हातात धरायची तेच कळेना.

"क्रांती," आबांनी न वळताच विचारलं, "ठोकायचं थांबलं का गं?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटची पट्टी बसली. चंद्राबाई उंबऱ्यावर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या, मग अनवाणी पाऊल आत टाकलं. एक. दुसरं. भिंतीचा आधार न घेता त्या खिडकीपर्यंत गेल्या.

"गार न्हाई गं लागत," एवढंच म्हणाल्या. पण तोंड आमच्याकडं वळवलं नाही, पदर डोळ्यांकडं गेलेला मला दिसला. मला त्या बाईची एकदम माया आली.

निघण्याआधी मी एका कागदावर सगळं मराठीत लिहून दाराआड चिकटवलं. मऊ केरसुणीनं झाडावं. कपाट सरकवताना खाली कापड घालावं. पाणी ओतू नये, फडकं घट्ट पिळूनच पुसावं, आणि ओल दिसली की लगेच टिपावी. सयाजीनं ते आईला तीन वेळा मोठ्यानं वाचून दाखवलं. मला वाटलं, झालं. जिंकलं आपण.

दिवाळी चार दिवसांवर असताना दुकानात फोन वाजला. सयाजीचे चुलते हंबीरराव होते. त्यांचा आवाज नानासोंच्या कानातून माझ्यापर्यंत येत होता. दाराजवळच्या पट्ट्या फुगून वर आल्या, चालताना ठेच लागते, कसली पोरगी पाठवली होती!

नानासोंनी फोन ठेवला. ओरडले नाहीत, तेच वाईट. "उद्यापासनं काउंटर बघ."

मी गोदामात खोक्यांमागं जाऊन रडले. फट कमी पडली का? गोंद? सगळं परत परत आठवून बघितलं आणि चूक काही सापडेना. सगळ्यात जास्त झोंबत होतं ते हे, की आता सयाजीलाही वाटत असेल, हिला काम येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर पुरतं वर जायच्या आत तो दारात उभा होता. घामेघूम, हातात हेल्मेट. सरळ नानासोंपुढं गेला.

"चुकी ह्यांची न्हाई. पाणी मी ओतलं. दोन बादल्या. म्हस धुतो तशी धुतली फरशी, दिवाळी हाय म्हणून."

"कागद लावला होता ना तिथं?" नानासो म्हणाले.

"वाचला न्हाई."

मी काउंटरमागं उभी होते. तीन वेळा मोठ्यानं वाचणारा माणूस धडधडीत खोटं बोलत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. मी पावतीपुस्तकात तोंड खुपसलं.

नानासोंनी चष्मा पुसला. "पाणी घातलं तर फुगणारच ती. दुरुस्तीला कोण पाठवू?"

"ज्यांनी बसवली त्यांनाच पाठवा."

आबा आणि मी त्याच दिवशी उरलेल्या खोक्यातल्या पट्ट्या घेऊन गेलो. चंद्राबाई चहा घेऊन आल्या नाहीत, नजरही देईनात. फुगलेल्या चार पट्ट्या कापून काढेपर्यंत स्वयंपाकघरातून नुसता भांड्यांचा आवाज. नव्या पट्ट्या बसल्या, आणि मग त्या हळूच येऊन माझ्याशेजारी बसल्या. गुडघे दुखत असताना, खाली.

"पोरगं खोटं बोललं बग तुज्या मालकाला. पाणी मी ओतलं."

"मला वाटलंच होतं, मावशी."

"तेहतीस वर्सं दिवाळीला घर मी धुतलंय. पाण्याबिगर घर सोच्छ झालं असं मनच घेईना. वाटलं, येवढंसं पाणी काय करतंय..." त्यांचा आवाज बारीक झाला. "भावजींनी फोन केल्याला मला ठावं नव्हतं. तुजं काम गेलं असतं, पोरी."

मला राग यायला हवा होता. माझा स्वभाव तसा बराच तापट आहे. पण मी उठून बादलीत फडकं बुडवलं आणि त्यांच्यापुढं धरलं. "पिळा बघू."

त्यांनी पिळलं. आयुष्यभर नऊवारी पिळलेले हात ते. एक थेंब उरला नाही. मी दोन्ही हातांनी जोर लावला तरी आणखी टिपूस निघेना.

"माझ्यापेक्षा भारी पिळता की! हेच एवढं करायचं. धुण्याचंच काम आहे, फक्त पाणी बादलीत ठेवायचं."

आम्ही दोघींनी मिळून खोली पुसली. खोली आरशागत झाली, आणि चंद्राबाई पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसल्या.

फडकं वाळत टाकायला दाराआड गेले, तर माझ्या कागदाखाली पेन्सिलीनं एक ओळ वाढलेली. 'फरशी बसवणाऱ्या बाईंनी महिन्यातून एकदा येऊन बघून जावं.' अक्षर माझं नव्हतं.

सयाजी आम्हाला हायवेवर सोडायला आला. आबांना समोरच्या टपरीवर चहाची फार तलफ आली, ते एकटेच गेले. रस्त्यावरून उसाच्या गाड्या चालल्या होत्या, वाऱ्याला दिवाळीची थंडी होती.

"खोटं का बोललात?" मी विचारलं.

"आईचं नाव घेतलं असतं तर तिनं पुन्यांदा त्या खोलीत पाय ठेवला नसता. आन् तुमचं नाव जाऊ दिलं असतं तर..."

"तर?"

"तर मला झोप लागली नसती." तो रस्त्याकडं बघत म्हणाला. "तशीबी लागत न्हाई आजकाल." मग धीर करून, "कागदावर... खालची ओळ वाचली का?"

"वाचली."

"मग?"

"जमायचं नाही."

त्याचा चेहरा असा उतरला, की माझंच काळीज हललं. पण लगेच सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. लांबून एसटी दिसली, तेव्हा मी उरलेल्या पट्टीचा तुकडा काखेत धरला.

"दर महिन्याला एसटीतल्या माणसांची कपाळं फोडत यायचं म्हणजे... काहीतरीच. एकदाच कायमचं यायचं काय ते बघा."

"क्रांती..." तो एवढंच म्हणाला. माझं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं. "आज रात्रीच आईला सांगतो."

"आबांना मी सांगते," मी म्हणाले. आबा टपरीवरून मान फिरवून हसत होते, सांगायचं फारसं उरलं नव्हतं.

वैशाखात लग्न झालं. फरशीची कामं तोवर माझ्या नावानं चालू झाली होती, कराडची तीन घरं बोलून ठेवली होती. वरात दारात आली, मी माप ओलांडलं, आणि कुंकवाच्या पाण्याची परात समोर आली. त्यात पाय बुडवून आत जायचं, नव्या सुनेची लाल पावलं घरात उमटवायची.

"थांबा!" चंद्राबाई ओरडल्या. "पाणी! फरशीवर!"

सगळी वरात थबकली. हंबीरराव म्हणाले, "आवं वैनी, कोरड्या पायाची पावलं कुटं उमटत्यात?"

चंद्राबाई आत गेल्या, बादलीतून फडकं काढून घट्ट पिळलं, स्वतःच्या गुडघ्यांकडं बघितलं आणि ते लेकाच्या अंगावर फेकलं. "सयाजी, तू पूस. ती पुडं, तू मागनं."

फेटा बांधलेला माझा नवरा उपरणं खोचून खाली बसला. मी एक पाऊल टाकायची, तो पुसायचा. बाया खो खो हसत होत्या, आबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी खिडकीपर्यंत पोचून वळले. खोली कोरडी, लख्ख. फक्त दाराजवळ, नव्या बसवलेल्या पट्टीवर, एक लाल पाऊल तसंच होतं. तो त्या पावलाच्या कडेकडेनं पुसून पुढं आला होता आणि आता माझ्याकडं बघत होता.

"अरं, त्ये एक राह्यलं की!" चंद्राबाई म्हणाल्या.

दाराआड माझ्याच अक्षरातला कागद होता. ओल दिसली की लगेच टिपावी.

"राहू दे, आई," मी म्हणाले.

त्या घरात पाण्याला 'राहू दे' म्हणायची माझी ती पहिलीच वेळ होती. आणि त्यांना आई म्हणायचीही.