पाच बटणं, चार वाजता

एका मंगळवारी सकाळी सव्वानऊला अप्पा पूर्ण बरे झाले. पण त्या वेळी घरात दुसरं कुणीच नव्हतं आणि अप्पांनीही ही गोष्ट कुणाला सांगितली नाही; तेव्हा असं काही घडलंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता त्यांची एकुलती एक लेक, जिला ते अजूनही बारकी म्हणत, हॉस्टेलवरून आली, पांढरा एप्रन चढवून समोरच्या खुर्चीत बसली आणि स्टॉपवॉच हातात धरून म्हणाली, "चला अप्पा. शर्टाची पाच बटणं, उजव्या हातानं. मी मदत करणार नाही."

अप्पांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं... सकाळीच न विचारता शहाणा होऊन पाचही बटणं लावून बसलेला तो हात! त्याला त्यांनी मनातल्या मनात दम भरला, "गप पडून राहा." आणि पहिल्याच बटणाशी ते इतक्या करुणपणे झगडले, की बारकीचे डोळे भरून आले.

बारकी ऑक्युपेशनल थेरपीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. म्हणजे आजारानं हातापायांना विसरायला लावलेली रोजची कामं त्यांना पुन्हा शिकवण्याचं शास्त्र. प्रत्येक विद्यार्थ्यानं एका पेशंटकडे आठवड्यातून तीनदा, चार ते पाच, घरी जायचं. ठरवलेलं काम पेशंटला जमलं की फाईल बंद, जाणं बंद. अप्पांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा बारकीनं विभागप्रमुख मॅडमच्या हातापाया पडून वडिलांनाच पेशंट म्हणून मागून घेतलं होतं. ठरवलेलं काम होतं शर्टाची बटणं. अप्पा चाळीस वर्षं शर्ट शिवत आले होते. शास्त्राला विनोद कळत नाही.

बायको गेल्यापासून त्या दोन खोल्यांत बोलणारा असा एक फ्रिजच होता, तोही मधूनच. बारकी पूर्वी महिन्यातून एकदा यायची, अर्धा तास बसायची, त्यातली वीस मिनिटं फोनवर असायची. आणि आता आठवड्यातून तीन तास ती फक्त त्यांच्या बोटांकडे बघत होती! त्यांच्या लग्नात फोटोग्राफरनंही त्यांच्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं. अप्पांकडून मातीचा गोळा मळून घेताना, दोरीला कपड्यांचे चिमटे लावून घेताना ती हॉस्टेलच्या गळक्या नळाचं सांगायची, खोलीतल्या मैत्रिणीच्या घोरण्याची नक्कल करायची... अन् पाच वाजता ती निघून गेली की ते घर असं काही निःशब्द व्हायचं, की अप्पा फ्रिजची वाट बघत बसायचे.

म्हणून तर हा सगळा व्याप! अर्थात बटण न जमणं वाटतं तितकं सोपं नसतं. हात आपणहून काजाकडे धावतो, त्याला ऐन वेळी चुकवावं लागतं. अप्पा सकाळी आरशासमोर उभे राहून तासभर न जमण्याचा सराव करत. शनिवारी मात्र ते एखादं बटण लागू देत... पोरीनं अगदीच धीर सोडू नये म्हणून.

सात आठवडे असे गेले. मग एका गुरुवारी बारकी आली ती सुजलेले डोळे घेऊन. तिनं एप्रन घातला, पण स्टॉपवॉच काढलंच नाही.

"मॅडम उद्या स्वतः येणारेत," ती म्हणाली. "म्हणाल्या, असा पेशंट मी तीस वर्षांत पाहिला नाही, फक्त शनिवारी सुधारतो! म्हणाल्या, तुझंच काहीतरी चुकतंय. उद्याही जमलं नाही तर माझं वर्ष गेलं."

"वर्षाचं काय एवढं..."

"मी नावच काढून घेते, अप्पा. स्वतःच्या बापाला जिला एक बटण शिकवता येत नाही, तिनं लोकांच्या हातांना हातसुद्धा लावू नये..." आणि ओंजळीत तोंड लपवून ती हुंदके देऊ लागली.

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. आणि बघता बघता त्यांना दिसलं, की तिच्या एप्रनचं वरून दुसरं बटण एका धाग्यावर लोंबतंय.

चाळीस वर्षांची सवय! ते उठले, मशीनच्या खणातून सुई काढली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, एका फटक्यात ओवलं आणि तिच्यासमोर वाकून बटण शिवायला लागले. चारही छिद्रांतून दोनदा टाका, खाली तीन वेढे, गाठ. दोरा दातांनी तोडला.

बारकीचं रडणं केव्हाच थांबलं होतं. ती त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होती.

"अप्पा..."

"पडलं असतं गं ते."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"परवाच्या?"

अप्पांनी सुई जागेवर ठेवली. "नाही. सात मंगळवार झाले त्याला."

"सात आठवडे!" ती ताडकन उठली. "अहो, मी रात्र रात्र पुस्तकं चाळतेय! आणि तुम्ही नाटकं करत होतात?"

"तू आली असतीस का गं? हात बरा झाल्यावर?"

"आले असते की!"

"कधी?"

बारकीनं नुकतंच शिवलेलं बटण बोटांनी चाचपलं. मधेच फ्रिज तेवढा बोलला. मग ती खाली बसली, त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकवून म्हणाली, "उद्या लावूच नका बटण. होते मी नापास. अजून वर्षभर येत राहीन."

"वेडी आहेस का?" अप्पा म्हणाले. "तुझ्या आईला काय सांगू मी वर गेल्यावर? पोरीचं वर्ष बुडवलं, पण गप्पा छान झाल्या?"

ती हसली. हसता हसता पुन्हा रडली. तिच्या केसांवरून अप्पांचा उजवा हात फिरत राहिला, आता अगदी उघड उघड.

शुक्रवारी मॅडमसमोर अप्पांनी पाच बटणं एकेचाळीस सेकंदांत लावली आणि शर्टाची काजं मशीनची आहेत, टिकायची नाहीत, असं वर ऐकवलं. मॅडमनी चष्मा पुसला आणि फाईलवर लिहिलं: ध्येय साध्य, उपचार समाप्त. बारकी पास झाली. तिला लांबच्या शहरातल्या इस्पितळात काम मिळालं. आता ती दर रविवारी न चुकता फोन करते, मनापासून बोलते. पण मागे कुणीतरी तिला हाका मारत असतं... ज्याची बटणं अजून लागत नाहीत, असं कुणीतरी.

आणि अप्पा दर मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी चार वाजता दोन खुर्च्या समोरासमोर मांडतात. अशाच एका मंगळवारी एका खुर्चीत बसून, दुसरीवर पाटी अन् तिच्यावर कागद ठेवून, त्यांनी पुढील अर्ज लिहिला.

मा. विभागप्रमुख मॅडम यांस,
विषय: बरे झाल्याचा निर्णय रद्द करण्याबाबत.
महोदया, उपरोक्त विषयान्वये विनंती करतो की, माझी बंद झालेली फाईल पुन्हा उघडून मला पूर्ववत न जमणारा घोषित करावे व माझ्याकडे आठवड्यातून तीन दिवस, चार ते पाच या वेळेत, पूर्वीच्याच विद्यार्थिनीची नेमणूक करावी. ती आता विद्यार्थिनी नाही, याची मला कल्पना आहे. प्रस्तुत अर्ज उजव्या हाताने व सुवाच्य अक्षरात लिहिला गेला आहे, त्याकडे कृपया दुर्लक्ष व्हावे, ही नम्र विनंती.