उलट्या हाताचे टाके

"बिनखिडक्यांचं घर बांधणाऱ्याला एकदा सुईत दोरा ओवायला बसवला पाहिजे," माझ्या कानाशी कुणीतरी पुटपुटलं.

ती आमची कुरकुरी. माझ्या शिवणवर्गात आठ बायका आहेत. तक्रार करायचं काम बाकीच्या सातजणींनी हिच्यावर सोपवून दिलंय.

तसं तिचं काही चुकत नव्हतं. आमचा वर्ग भरतो ते एकेकाळचं फ्रीमेसन या गुप्त मंडळाचं लॉज, म्हणजे सभागृह. परदेशी साहेबांनी दीडशे वर्षांपूर्वी बांधलेलं. दारात दोन खांब, आत एकच मोठं दालन, खाली बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी फरशी, छतावर रंगवलेला एक डोळा आणि भिंतींना खिडकी म्हणून नाही. आत काय चालतं ते बाहेर सांगायचं नाही अशी सभासदांची शपथ, म्हणून लोक त्याला 'मुक्यांचं घर' म्हणायचे. साहेब गेले. मग इथले डॉक्टर-वकील सभासद झाले, तेही म्हातारे होऊन संपले. शेवटच्या दोघांनी इमारत वाचनालयाला दिली आणि वाचनालयानं दुपारपुरती मला.

वाचनालयाच्या कारकुनांनी विचारलं, "दारावरच्या पाटीसाठी बारा ओळींचा इतिहास लिहून द्याल का? तुमचे वडील इथे होते ना?" मी फार शिकलेली नाही. जुने कपडे उसवून उसवून शिवण शिकले, लिहिणंही साधारण त्याच रीतीनं. पण हो म्हटलं.

बाबा इथे तीस वर्षं दारावर होते. सभा चालू असताना हातात तलवार घेऊन बंद दाराबाहेर उभं राहायचं, आत पाऊल टाकायचं नाही. अजूनही ते रोज मला पोचवायला येतात आणि वर्ग सुटेपर्यंत पायरीवर बसून राहतात. खांबांचा दगड कुठून आणला, पायाभरणीच्या भाषणात कुठले साहेब झोपले, सगळं घडाघडा सांगितलं त्यांनी. एका वर्षापाशी मात्र अडले.

"हे सोड. पुढचं घे," म्हणाले.

ते वर्ष आत्याचं. बाबांची मोठी बहीण. सभासद कमरेला बांधायचे ते पांढरे ॲप्रन ती शिवायची. एका सभेच्या दिवशी ते पोचवायला म्हणून गेली आणि परत आली नाही. मी तेव्हा सहा वर्षांची होते. लोकांनी ठरवून टाकलं, कुणाबरोबर तरी पळाली. घरात तिचा विषय निघाला की आईला नेमकी तेव्हाच भांडी आवरायची असत. बाबांची झोप तेव्हाच उडाली, आणि हल्ली तर जेवणही दोन घासांवर आलं होतं. पोटातलं बाहेर आल्याशिवाय हा माणूस सुखानं जाणार नाही, एवढं मला कळत होतं.

इतिहासासाठी जुनं कपाट उघडलं तर ॲप्रनांची पेटी निघाली. सगळ्यात खाली एक अर्धवट होता. तीन बाजू दुमडून शिवलेल्या, चौथी उघडी, सुई तशीच टोचलेली. बायकांना दाखवायला मी तो टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी चौथ्या बाजूवर चार बोटं शिवण झालेली होती.

"हा कुणाचा उद्योग?"

"आमचं आमचं शिवून होत नाही, बाई," कुरकुरी म्हणाली. "दुसऱ्याचं कशाला शिवू?"

मी शिवणीच्या टोकाला खडूनं खूण केली, ॲप्रन कपाटात टाकला आणि किल्ली घरी नेली. दुसऱ्या दुपारी शिवण तीन बोटं पुढे सरकली होती. खडू झटकून टाकलेला होता. हात बसलेली शिवणारी झटकते, तसा.

मग चष्मा पुसून टाके नीट पाहिले. आम्हा सगळ्यांचे टाके एका बाजूला कलतात. हे उलट्या बाजूला कललेले होते. वर्गात डावखुरी कुणीच नाही.

भीती वाटली का? वाटली. पण शिवण इतकी एकसारखी होती की भीतीच्या आधी हेवा वाटला. बायकांनीही चार दिवसांत अंगवळणी पाडून घेतलं. घरी जाताना कुणीतरी दोऱ्याचं नवं रीळ कपाटात ठेवायची, दुसऱ्या दिवशी ते बारीक झालेलं असायचं. "काजं करून देते का, विचारा ना," कुरकुरी म्हणाली. पण हळू म्हणाली. एकदा कपाट उघडल्या उघडल्या मी सुईला हात लावला. ती कोमट होती.

त्या दिवशी मी ॲप्रन पायरीवर नेला. बाबांनी शिवणीवरून अंगठा फिरवला, अगदी टोकापर्यंत.

"आक्का डावखुरी होती," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून आलेलं तिच्याबद्दलचं हे पहिलं वाक्य. "किती राहिलंय?"

"दोन बोटं."

"आणि संपलं की?"

"काम संपलं की शिवणारी घरी जाते, बाबा. काही सांगायचं असेल तर त्याआधी सांगा."

"मला आत जायची परवानगी नाही."

"परवानगी देणारे सगळे मेले."

त्यांनी ॲप्रनची घडी करून माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी बोटभरच राहिलं होतं. ॲप्रन टेबलावर ठेवून आम्ही बसलो. मशीन कुणीच चालवलं नाही.

दाराशी चपला काढल्याचा आवाज आला.

बाबांनी एक पाय काळ्या फरशीवर टेकवला. मग दुसरा, पांढऱ्या. दार त्यांनी मागे उघडंच ठेवलं. प्रकाशाचा लांब पट्टा टेबलापर्यंत आला.

कुरकुरीनं आपली खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"आक्का, तू ॲप्रन ठेवायला आत गेलीस. बाईनं आत जायचं नव्हतं, पण मीच सोडलं. तेवढ्यात अध्यक्षांची गाडी आली. मी घाबरून दार लावलं."

त्यांनी मागे वळून उघड्या दाराकडे पाहिलं.

"ते पायरीवर आले आणि आतून दार वाजलं. त्यांनी मला विचारलं. नोकरी जाईल म्हणून मी म्हणालो, आत कुणी नाही."

त्यांनी टेबलाकडे आणखी एक पाऊल टाकलं.

"मग दार उघडलं. मी म्हणालो तसंच, आत कुणी नव्हतं."

टेबलावर दोरा ताठ झाला होता. बोलणं ऐकायला शिवणारी हात थांबवते ना, तशी सुई कापडापासून वीतभर वर थांबली होती. धरणारा हात मात्र कुठेच नव्हता.

मला माझाच आवाज ऐकू आला.

"काय विचारलं होतं त्यांनी, बाबा?"

"आत कोण आहे, असं."

"मग आता सांगा."

बाबांनी सुईकडे पाहिलं.

"आत माझी बहीण आहे," ते म्हणाले.