वासराची घोंगडी

पोलादपूरच्या गुरांच्या दवाखान्यापाशी आवडीनं वासरू खुंटाला बांधलं आणि डावा हात पटकन पदराखाली घेतला. कापडे गावाच्या वरच्या वाडीतून ती दोन तास उतरत आली होती. एकोणऐंशी सालचा भादवा, झिमझिम लागूनच होती.

कंपाउंडर भिकाजी वाकला. वासराच्या डोळ्यांभोवती राखाडी, खपलीदार चकत्या होत्या.

"गजकर्ण आहे. अंगावरची घोंगडी कुणाची?"

"माझीच. आय मेली त्याची, भिजून कुडकुडतं. दिवसा ते पांघरतं, राती मी."

भिकाजी हसला नाही. "मग हात दाखवा."

असं अहो-जाहो तिला आजवर कुणी केलं नव्हतं… हाताला डाग उठल्यापासून महिनाभर तर चुलती तिच्या हातचं पाणीही घेत नव्हती. तिनं हात पुढे केला. मनगटावर रुपयाएवढं लाल कडं.

"गुरवारी पाचाडची मंडळी मला बघाया येनार," ती पुटपुटली. "आय म्हनते, बांगड्या भर नि झाक."

"झाकलंत तर वाढेल. शेजारी माणसांचा दवाखाना आहे, तिथून मलम घ्या. खाज थांबली तरी महिनाभर सोडायचं नाही. घोंगडी उकळा. आणि लाजायचं कशाला? मुक्या जिवाला ऊब दिलीत, त्याची खूण आहे ती."

गुरुवारी पाहुण्यांसमोर आवडीनं आपणच बांगड्या मागे सारल्या. मंडळी अर्धा चहा टाकून उठली. आई रडली. आवडी मात्र उताराच्या वाटेकडे बघत राहिली.

कारण भिकाजी आता दर सोमवारी वासराला औषध लावायला वाडीवर चढून येऊ लागला होता. वासराची मान गुडघ्यांत धरून, त्याच्याशी बोलत, एकही चकती न चुकवता… इतके हळुवार हात तिनं कुणाचे पाहिलेच नव्हते.

दिवाळीच्या तोंडावर वासराला नवे केस आले. आवडीचं मनगटही नितळ झालं.

"माझं काम संपलं," भिकाजी म्हणाला, पण उठला नाही. पिशवीतून त्यानं महाडच्या बाजारातली कोरी घोंगडी काढली. "ही तुमची. वासराला द्यायची नाही. कुणालाच द्यायची नाही."

आवडीनं घोंगडीची दशी बोटाला गुंडाळली. "तुमाला पन नाय?"

भिकाजी कानापर्यंत लाल झाला. "ते — ते तुमच्या आईला विचारून सांगतो."

"मग विचारा की," आतून आवाज आला. "कवाची दाराआड उभी हाय मी."